झिपऱ्याची हजामत

मशीनमामांच्या दुकानात कुठलंही दुखणं घेऊन जा, औषध एकच. डोकं चढलंय? केस काढ. झोप येत नाही? केस काढ. कुणाचं पोरगं परीक्षेत आपटलं, तरी मामा त्याच्या टाळूवरून मशीन फिरवून म्हणायचे, "आता अकलेला वारा लागेल." खुद्द मामांचं डोकं घासलेल्या परातीसारखं चकचकीत. उन्हाळ्यात टोपी चढवल्याशिवाय हा माणूस दुकानाची पायरी उतरत नसे. पण त्यावरून काही शिकावं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

मामींनी माहेराहून एक कुत्रा आणला होता. इतका केसाळ की तोंड कुठलं न् शेपूट कुठली कळू नये. नाव झिपऱ्या. यंदा ऊन तापलं तसा तो जीभ काढून धापा टाकायला लागला. मामी बहिणीकडे गेलेल्या. मामांना त्याची दया आली, आणि मामांना दया आली की मशीन सुरू व्हायचं.

झिपऱ्याला त्यांनी मुळापासून भादरला. खालून गुलाबी कातडं निघालं. "आता कसं मोकळं वाटतंय!" असं स्वतःच त्याच्या वतीनं बोलून, अंगाला वारा लागावा म्हणून त्याला दुकानामागच्या उघड्या फरशीवर बांधला आणि मामा गिऱ्हाइकाकडे वळले.

भर दुपारी मामी परतल्या. मागच्या दारातून ओरडल्या, "अहो, हे डुक्कर कुणाचं बांधलंय?" मग गळ्यातला पट्टा दिसला. झिपऱ्या आडवा पडला होता, तोंडाला फेस, उभंही राहवेना.

गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "गार जागी न्या. अंगाला, पोटाला साधं पाणी लावा, बर्फ नको. वारा घाला. मी निघालोच."

गार जागा एकच, दुकानात कूलरसमोरची खुर्ची. तिच्यावर मामांचं नेहमीचं गिऱ्हाईक, कचेरीतले साहेब बसलेले, अर्ध्या गालावर साबण.

"उठा," मामी म्हणाल्या.

"अहो वहिनी, अर्धीच झालीय!"

"अर्धी झालीय तेच नशीब समजा. पुरी झालेल्याचे हाल बघा!"

साहेब पायरीवर जाऊन बसले. झिपऱ्याला खुर्चीत ठेवून मामा त्याच्या पोटावरून ओला टॉवेल फिरवत होते.

"जगेल ना गं?"

"नाही जगला तर मी चालले माहेरी. बसा मशीनशी संसार करत."

डॉक्टर आले, सुई टोचली, ताप पाहिला. म्हणाले, "वाचेल. अहो, केस म्हणजे याची सावली. विंचरून मोकळे करायचे, भादरायचे नसतात."

"स्वतःच्या टकलाला टोपी लागते," मामी फणकारल्या, "आणि त्याची टोपी तेवढी भादरलीत!"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. दिवस कलता झिपऱ्यानं मान उचलली, चार घोट पाणी प्यायला आणि मामांवर गुरगुरला. मामींचा जीव भांड्यात पडला.

त्या उन्हाळ्यात झिपऱ्या मामांचा जुना सदरा घालून कूलरसमोर पडून असायचा. फिरायला जायचा तो उजाडायच्या आत. गिऱ्हाइकं घाम पुसत उभी. साहेब एकदा म्हणाले, "मामा, फार उकडतंय. झिरो मारा."

मामांनी मशीन उचललं. सदऱ्यातून एक डोळा उघडला. मामांनी ते खाली ठेवून कात्री घेतली.

"राहू द्या थोडे, साहेब. बाहेर ऊन आहे."