चावून दिलेला घास

माझ्या मोठ्या नणंदेला मूलबाळ नव्हतं, नवराही गेलेला. म्हणून माझा थोरला जन्मला तो जणू वन्संच्याच मांडीवर. घोटावड्याच्या आमच्या घरात तेव्हा रीत अशी, की बाळ खायला लागलं की मोठ्या माणसाने भाकरी चावून मऊ करायची आणि तो घास बाळाच्या तोंडात द्यायचा. हा मान वन्संचा. मी आई असून नुसती बघायचे, आणि मला ते मुळीच आवडत नसे.

वन्सं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या. चूळ टाकली की पाणी लाल. हिरड्या सुजलेल्या, जवळ बसलं की वास यायचा. पोटही कायम बिघडलेलं, मूठमूठ ओवा खायच्या. "मिश्रीनं दात घट्ट ऱ्हात्यात," असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणतानाच पुढचे दोन दात हलायचे.

पोराला जुलाब लागले. "दात येत्यात, हुतंय असं," सगळ्यांचं एकच पालुपद. जायफळ उगाळून झालं, दृष्ट काढून झाली. पोराचे डोळे खोल गेले, टाळू दबली, रडायलाही आवाज फुटेना. पोटात काहीतरी जावं म्हणून वन्सं रडत रडत आणखी घास चावत होत्या.

मी कुणाला न विचारता पोराला लुगड्यात गुंडाळलं आणि पौडच्या दवाखान्याची वाट धरली. वन्सं मागून धावत आल्या.

"मला सोडून कुटं नेतीस त्याला?"

"चला मग," मी म्हटलं. वाटभर मी सारखं त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते.

डॉक्टरांनी मांडीत सुई टोचून सलाइन सोडलं. मग विचारलं, "भरवता काय?"

"मी चावून देती की. मऊ करून," वन्संनीच सांगितलं.

"तोंड उघडा बघू." त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बाई, हा पायरिया. हिरड्यांत पू झालाय. तो तुमच्या पोटात जातो आणि घासाबरोबर ह्याच्याही. जुलाब त्यानेच लागले असं छातीठोक सांगता येणार नाही. पण हे आजपासून बंद."

वन्संनी तोंडाला पदर लावला. मला बरं वाटलं. मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, बरी जिरली.

संध्याकाळी पोराने डोळे उघडले आणि पहिले हात केले ते त्यांच्याकडे. त्या मागे सरून भिंतीला चिकटल्या. "नगं रं बाबा, माझ्याजवळ नगं." तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

पोर वाचलं. वन्संनी मिश्रीची डबी चुलीत टाकली आणि पौडला खेपा घालून एकूण एक दात उपटून घेतले. हिरड्या भरून येईपर्यंत पोराला कडेवर घेतलं नाही. पुढे ओवा लागेनासा झाला, पण भाकरीही खाता येईना. कालवणात भिजवून कशीबशी गिळायच्या.

पोर तीनेक वर्षांचं असेल. एकदा वन्सं भाकरीच्या काठाशी झटत बसल्या होत्या. त्याने त्यांच्या हातातला तुकडा घेतला, चावून चावून मऊ केला आणि त्यांच्या ओठांशी धरला. वन्संनी तोंड घट्ट मिटलं आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"घ्या की वन्सं," मी म्हटलं. "त्याचं तोंड चांगलं हाय."