कराचीची वहिनी

माझी वहिनी कराचीची. तिचे पणजोबा आमच्याच भागातून तिकडं बंदरावर कामाला गेले आणि फाळणी झाली तेव्हा तिथंच राहिले. त्यांच्या घरात मराठी टिकली, गणपती टिकला. एका नातेवाइकाच्या लग्नाला ती आईबरोबर गेवराईला आली होती. माझ्या आईनं तिला तिथं पाहिलं आणि वर्षभरात माझ्या दादाशी तिचं लग्न झालं.

चौसाळ्यात हायवेला दादाचं खतबियाणांचं दुकान. सून पाकिस्तानची म्हणून गल्लीतल्या बायका पहिले काही दिवस तिला बघायला येत. ती बोलायला लागली की त्यांचा हिरमोड व्हायचा. आमच्या मराठवाडी बोलीत उर्दू आधीच मुरलेली, त्यामुळे तिची फिकर, तिचा इंतजाम कुणाच्या कानाला परका लागेना.

कागदावर मात्र ती परकीच होती. दादाला दुकान सोडता येत नसे, म्हणून व्हिसाची मुदत वाढवायला बीडला मीच तिच्यासोबत जायची. तिला परवानगीशिवाय जिल्हा सोडता येत नव्हता. एकदा शहागडला नातेवाईक वारले. गेवराईच्या पुढं गोदावरीचा पूल ओलांडला की जालना जिल्हा लागतो. आम्ही पुलापलीकडं जाऊन भेटून आलो, ती अलीकडंच चहाच्या टपरीवर बसून राहिली. आम्ही परत आलो तेव्हा म्हणाली, "हितून तिकडचं रडू ऐकू येतं का, बघत होते."

पुष्कळ वर्षांनी तिचा नागरिकत्वाचा अर्ज मंजूर व्हायला आला. त्याआधी तिकडचं नागरिकत्व सोडायचं होतं. दिल्लीला जाऊन ती आणि दादा तिचा जुना पासपोर्ट देऊन आले. आता थोडेच दिवस, असं सगळे म्हणत होते. पण पुढचा कागद काही येईना, महिने गेले.

त्या महिन्यांत ती बदलली. दुकानात जाणं बंद केलं. कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर शेवया वाळत घालत होतो. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "वन्सं, मी तुमाला दिसते ना?"

मला हसू आलं. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते विरून गेलं.

"तिकडची राहिले न्हाई, हितली झाले न्हाई," ती म्हणाली. "मग ह्या शेवया कोन घालतंय?"

मी तिचा हात धरून बसले. भर उन्हात तो गार होता.

त्यातच कराचीहून तिच्या भावाचा फोन आला, आई गेली म्हणून. जायला तिच्याकडं कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. ती रडली नाही. जमिनीवर घोंगडं टाकून बसली आणि भिंतीकडं बघत राहिली. शेजारच्या बायका भेटायला आल्या, पण कुणाच्या गळ्यात पडून तिला रडता येईना. ज्या घरात आई मेली तिथं आपण नव्हतोच, तर आपलं रडणं कुठून सुरू करायचं, असं ती नंतर मला म्हणाली.

दहाव्याला भावानं व्हिडिओ कॉल लावला. समुद्रकाठी पिंड मांडला होता, लांब भिंतीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. भावानं घरचं सगळं सांभाळतो म्हणून शब्द दिला, मामानं दिला. शेवटी भाऊ म्हणाला, "तूच बोल. तिचा जीव तुझ्यात अडकलाय." आणि त्यानं फोन पिंडाजवळ धरला.

आम्ही सगळे तिच्यामागं उभे होतो. ती म्हणाली, "आई, मी येते. कागद झाले की लगीच येते."

कावळे हलले नाहीत. फोनमधून नुसता वारा घोंघावत होता. दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला.

मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, मी न्हाई येणार. तू वाट बघू नको."

एक कावळा खाली उतरला. त्यानं पिंडाला चोच लावली आणि भावानं फोन बंद केला. माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. वहिनी मात्र उठून चूल पेटवायला गेली.

काही महिन्यांनी बीडला कलेक्टर कचेरीत तिची शपथ झाली. मोरपंखी साडी नेसली होती. शपथ तिनं न अडखळता वाचली. साहेबांनी प्रमाणपत्र देऊन अभिनंदन केलं, कुणीतरी पेढे आणले होते. आता कसं वाटतंय, असं एका पत्रकारानं विचारलं. बरं वाटतंय, म्हणाली. नंतरच्या निवडणुकीत आमच्या आईच्या मागं रांगेत उभी राहून तिनं मतही दिलं.

पण शपथेनंतरच एक गोष्ट सुरू झाली. दिवेलागणीला ती स्वयंपाकघरातून एकदम "आले गं" म्हणते आणि हात पुसत दारापर्यंत येते. दारात कुणी नसतं. पहिल्यांदा दादा घाबरला, देवऋष्याला दाखवू म्हणाला. तिनं नको म्हणून सांगितलं.

माझं लग्न होऊन मी बीडला आले, तरी सणाला माहेरी जाते. मागच्या पंचमीला ती अशीच दारात आली तेव्हा मी ओसरीवरच होते. कोण आहे, म्हणून मी विचारलं.

"आई हाय," ती म्हणाली. "मी जाऊ शकले न्हाई, पन तिला आता कुठं व्हिसा लागतो?"

बोलताना ती दारातून जरा बाजूला सरकली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी. मीही पाय जवळ ओढून घेतले.