आक्काच्या डोक्यातली कळ

पाटोद्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वायर असेल तर करंट जातो, नसेल तर नाही... माझा विश्वास एवढ्यावरच. अंगात येणं, दृष्ट लागणं, असलं काही मी कधी मानलं नाही. तरी हे लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात भर दुपारी सिरसाळ्याहून थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन आला.

"बाळू, पल्लवीचं डोकं दुखायलंय का रे?"

"न्हाई. कावून?"

"मला डाव्या कानाच्या वर लई ठणकायलंय. पर ते माझं वाटंनाच बघ... पोरीचं वाटायलंय."

मी हसलो. गोळी घे म्हणालो.

पल्लवी माझी मुलगी. कॉलेजात आहे, कबड्डी खेळते. जेवताना तिला गंमत म्हणून आत्याचं बोलणं सांगितलं, तर ती रडायलाच लागली.

"पप्पा, मला तिथंच दुखतंय... मॅचमध्ये कोपर लागलं, तेव्हापासून."

टीममधून काढतील म्हणून तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग आक्काला कुणी सांगितलं?

लगेच बीडला नेऊन स्कॅन केलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूलगत पाण्याची गाठ आहे, जन्मापासूनची. एरवी कळतही नाही. पण अशा मुलांना साधा मार लागला तरी कधीकधी भोवती हळूहळू रक्त साठत जातं. पल्लवीला तेच झालं होतं. बाजू डावी... कानाच्या वर.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. सकाळचं होतं, ते ऐनवेळी दुपारवर गेलं. आक्काला हे कळवायचं राहूनच गेलं. आम्ही नवरा-बायको बाहेर बाकावर बसलेलो. तेवढ्यात तिचाच फोन.

"बाळू, थांबलं रे! एकदम हलकं वाटायलंय. मी ताक पिऊन पडते जरा."

फोन ठेवतोय तोच दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त सगळं निघालं. पोरगी छान आहे." मी तिथंच ढसाढसा रडलो.

पुढं हट्टानं आक्काचंही स्कॅन करून घेतलं. काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणतात योगायोग. असेलही... मला काही त्याचा उलगडा झालेला नाही. आक्काला विचारलं तर म्हणते, "मला काय म्हाईत? दुखत व्हतं, आता न्हाई."

पल्लवी ठणठणीत आहे. कबड्डी सध्या बंद, म्हणून माझ्याशी रोज भांडते. भांडू दे, कानाला बरं वाटतं.

परवा आक्काचा फोन आला — "बाळू, गुडघा लई दुखायलाय." मी दुकान तसंच टाकून घरी पळालो. बायकोला विचारलं, पोरीला विचारलं, शेजाऱ्यांनासुद्धा सोडलं नाही. कुणाचाच गुडघा दुखत नव्हता. तसं आक्काला कळवलं.

"येड्या," ती म्हणाली, "ह्यो माझाच हाय. साठी उलटली माझी!"