तय्यब नाखवाचं आखडलेलं गलबत

खैरुद्दीन मूळचा दाभोळचा. दुबईच्या देऱ्याला आला तो मेहुण्याच्या, म्हणजे तय्यब नाखवाच्या, गलबतावर कांद्याच्या पोत्यांमध्ये बसून. तय्यबने ही गोष्ट त्याला कधी विसरू दिली नाही. चार माणसं जमली की तो सुरू व्हायचा, "हा आमच्या झुबेदाचा नवरा. कांद्याबरोबर आणला होता. कांदे खपले, हा राहिला."

खैरुद्दीन त्यावर कधी हसला नाही. मुंबईत एका फोटोवाल्याच्या हाताखाली तो शाळांचे आणि पलटणींचे लांबलचक फोटो काढायला शिकला होता, आणि तिथलाच एक जुना फिरता कॅमेरा त्याने बरोबर आणला होता. तिपाईवर दातेरी चक्र, त्यावर कॅमेरा. चावी भरून खटका सोडला की कॅमेरा डावीकडून उजवीकडे आपोआप वळत जायचा, आत फिल्म सरकायची, आणि समोरचं दृश्य एका बारीक फटीतून तिच्यावर उतरत राहायचं. अख्खा किनारा एका सलग फोटोत. देऱ्यातले लोक मात्र त्याच्याकडे पासपोर्टचे फोटो काढायला यायचे.

१९६८ साली खाडीकाठच्या एका जुन्या कोठीत बंदराचं छोटं संग्रहालय उघडायचं ठरलं. कारभार श्रीवर्धनच्या जमालकडे होता. त्याने खैरुद्दीनकडे पूर्ण खाडीचा फोटो मागितला. असा फोटो सपाट भिंतीवर लावला तर सरळ धक्काही धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. म्हणून खैरुद्दीनने सुताराकडून अर्धगोल फळी करून घेतली. पाहणाऱ्याने तिच्या पोटात उभं राहून मान फिरवली की खाडी जशीच्या तशी दिसणार होती. हा फोटो लागला की देरा आपल्याला ओळखेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

फोटोसाठी सोयीची गच्ची एकच, तय्यबच्या गोदामाची. तय्यबने ती दिली, पण अट घालून.

"माझं नवं गलबत मधोमध आलं पाहिजे."

"मग ते धक्क्याला बांधून ठेवा, तय्यबभाई. कॅमेरा वळताना ते हललं तर फोटोत बिघडेल."

"बांधलेलं गलबत म्हणजे गोठ्यातली म्हैस! माझं गलबत इंजिन लावून, निशाण फडकवत येईल. पोत्यावर बसून आलेल्याने मला गलबत शिकवू नये. खलास!"



फोटोच्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. पलीकडच्या काठावरची घरं एकेक करून मोजता आली असती. उजवीकडून, समुद्राच्या बाजूने, तय्यबचं गलबत जोरात आत येत होतं, आणि मुश्ताक व्यापाऱ्याचं बाहेर चाललं होतं. कॅमेऱ्याच्या उलट दिशेने येणारी वस्तू फोटोत आखडते, त्याच्याच दिशेने जाणारी ताणली जाते, हे खैरुद्दीनला पक्कं ठाऊक होतं. तय्यबचं गलबत धक्क्याला लागेपर्यंत थांबता आलं असतं. त्याने खटका सोडला.

उद्घाटनाला तय्यब ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना घेऊन आला. ते फळीच्या पोटात दाटीने उभे राहिले. कोणाला आपलं दुकान सापडलं, कोणाला आपल्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. मग मुश्ताक पुढे वाकला.

"अरे, माझं गलबत तर आगगाडी झालंय! आणि त्याच्या शेजारी हे... तय्यबभाई, हे तुमचं? मला वाटलं, कोणाची मासळीची टोपली तरंगतेय."

अख्खी खोली हसली. तय्यबचा चेहरा तापला.

"मुद्दाम केलंस."

"मी बांधून ठेवा म्हणालो होतो," खैरुद्दीन म्हणाला. "जसं आलं तसं उतरलं."

"काढ ते फोटोतून."

"फोटो सलग आहे. मी काढणार नाही."

तय्यबने कमरेला खोचलेला, दोर कापायचा सुरा उपसला. जमाल "हबीबी, नको!" म्हणून ओरडेपर्यंत त्याने गलबताच्या दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत सुरा ओढला होता. तुकडा चुरगळून खिशात घातला आणि तो निघून गेला. खैरुद्दीन हाताची घडी घालून उभा होता.

घरी झुबेदाने विचारलं, "तुम्हाला आधीच माहीत होतं ना, असं होणार म्हणून?"

"होतं."

"मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?" ती पुढे म्हणाली, "भाईने निरोप पाठवलाय. गच्ची देतो, पुन्हा काढा. या वेळी बांधून ठेवीन म्हणाला. त्याने आजवर कोणाला असं विचारलंय?"

"त्याला सांग, निगेटिव्ह माझ्याकडे आहे. हवा तर हाच फोटो पुन्हा छापून देतो, टोपलीसकट."

"हे मी सांगणार नाही. आणि जेवण तुमचं तुम्ही वाढून घ्या." ती आतल्या खोलीत गेली.

जमालने हात जोडले. "निदान दोन तुकडे जवळ आणून चिकटव. लोकांना काय दाखवू?"

"कापलं त्याने. जोडायचं त्याने."

फोटो तसाच राहिला, मधोमध उघडी फळी घेऊन. शुक्रवारी गर्दी व्हायची तेव्हा खैरुद्दीन दाराशी उभा राहून पाहायचा. लोक फळीच्या पोटात शिरायचे आणि मान न फिरवता थेट त्या उघड्या लाकडावर बोट ठेवायचे. फोटो कोणी काढला, असं एकानेही विचारलं नाही. कापला कोणी, एवढंच सगळे विचारायचे. जमाल तोंड फिरवायचा, मग उत्तर खैरुद्दीनलाच द्यावं लागायचं. देऱ्याने ओळखावं म्हणून लावलेल्या त्या फोटोपुढे उभा राहून तो दर शुक्रवारी तय्यबचं नाव सांगत असे.