इंजिनातला ठोका

उस्तादचं काम फोडायचं. दुसऱ्यांनी बांधलेलं. गोदामांचे जुने तळ, यंत्रं उचलून नेल्यावर मागे उरलेले काँक्रीटचे चौथरे, चुकीच्या जागी ओतलेले पाये. त्यासाठी त्याच्याकडे दोन चाकांवरचा एक कॉम्प्रेसर होता, त्याला लांब रबरी पाइप आणि पाइपच्या टोकाला ब्रेकर. कॉम्प्रेसर हवा दाबून देतो आणि त्या जोरावर ब्रेकरची छिन्नी काँक्रीटमध्ये शिरते. पण कॉम्प्रेसर आपल्या पायांनी कामावर जात नाही. तो डिझेल पिकअपच्या हुकाला अडकवून ओढत न्यावा लागतो. पिकअप नसेल तर बाकी सगळं दारात उभं.

नवशिका माणूस ब्रेकरवर छाती टेकवून दाबतो आणि जेवणाच्या सुट्टीआधीच गळून जातो. उस्ताद म्हणायचा, मशीनला तिचं काम करू द्या, तुम्ही फक्त तिला सरळ धरा. फोडायला कडेपासून लागायचं. कडेच्या तुकड्याला पडायला वाट असते. मध्येच घुसलं तर छिन्नी रुतते आणि ती उपटण्यात दुप्पट घाम जातो. अशा रीतीने त्याने पाठ सांभाळली, गुडघे सांभाळले, मनगटं सांभाळली. कान तेवढे कापसाच्या बोळ्यावर सोडून दिले.

त्याच्या मदतीला मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाचा फाटका, हाताचा चोख. उस्तादला ऐकायला कमी येऊ लागलं तेव्हा पहिल्यांदा त्यानेच ओळखलं आणि त्याची थट्टा करून टाकली. दाजींना शिव्या द्यायच्या तर आता लिहून द्याव्या लागतात, असं तो कामावरच्या माणसांना सांगायचा. दाजी हसले की म्हणायचा, बघा, आवडली.

बायकोचे कान मात्र तिखट. रस्त्यावरून दिवसभर गाड्या जात, ती हातातल्या कामावरून मान वर करायची नाही. उस्तादची पिकअप कोपऱ्यावर वळली की उठून चहाचं आधण ठेवायची. एकदा म्हणाली, आज तुमची गाडी धाप लागल्यासारखी आली. उघडून पाहिलं तर एक इंजेक्टर गळत होता. गॅरेजवाला म्हणाला, वहिनींना माझ्याकडे पाठवा, माझ्या पोरांपेक्षा त्यांचे कान बरे. तेव्हापासून घरात हा रिवाजच पडला. इंजिनबद्दल शंका आली की तिला बाहेर बोलवायचं. ती पदराला हात पुसत यायची, बॉनेटजवळ उभी राहायची आणि सांगायची. तिचं सांगणं कधी चुकलं नाही.

मग ते घडलं.

एका बंद कारखान्याच्या मागच्या बोळात कॉम्प्रेसर मागे घ्यायचा होता. मागे घेताना मेहुणा भिंतीच्या बाजूने चालायचा आणि कॉम्प्रेसरच्या पत्र्यावर पान्याने वाजवायचा. सुटा टोला म्हणजे ये. सलग दणदण म्हणजे थांब. टोले ऐकू येणं बंद झाल्यावर उस्ताद आरशात पाहून चालवू लागला होता. मेहुण्याचा हात दिसला की पुरे. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वाटेत एक फळी आडवी पडली होती. ती ओढायला मेहुणा वाकला आणि आरशातून गेला. आरशातून माणूस गेला की गाडी थांबवायची, हे उस्तादनेच सगळ्यांना शिकवलं होतं. पण बोळ अरुंद, मागे जायला हातभरच जागा उरलेली, मुकादमाची घाई. काही ऐकू आलं नाही, म्हणजे अडचण नसावी, असं त्याने धरलं. मेहुणा पत्र्यावर वाजवत होता. शेवटी तर पान्याऐवजी मुठीने वाजवत होता.

कॉम्प्रेसर आणि भिंतीच्या मध्ये सापडून मेहुण्याचा खुबा आणि मांडीचं हाड गेलं. जीव वाचला.

इस्पितळात माणसं जमली तेव्हा उस्ताद बोलायला तोंड उघडणार, तोच मेहुणा खाटेवरून म्हणाला, “ब्रेक लागला नाही. दाजी काय करणार?”

ते एक वाक्य सगळीकडे पसरलं. मुकादमाने तेच पुढे सांगितलं, शेजाऱ्यांनी तेच. ब्रेक नसलेली गाडी दारात ठेवून कसं चालेल? उस्तादने ती भंगारवाल्याला दिली. ब्रेक उत्तम होते. महिनाभरापूर्वीच त्याने स्वतः नवे बसवले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. भंगारवाला गाडी घेऊन निघाला तेव्हा कोपऱ्यावर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. उस्तादने ते पाहिलं. शेजारी उभ्या बायकोने पाहिलं आणि ऐकलंही. दोघं आत आली.

मेहुणा त्यांच्याच घरात राहायला आला. खिडकीजवळच्या खोलीत खाट, खाटेजवळ लोखंडी वॉकर. पाय वाकत नव्हता. तोंड तेवढं पहिल्यासारखं चालू होतं, आणि थोड्याच दिवसांत तोच दाजींच्या मागे लागला. गाडी बघा. जुनी बघा, पण ब्रेकची बघा. कॉम्प्रेसर अंगणात गंजतोय, आणि तुम्ही घरात बसलात तर तुम्हीही गंजाल. आपण बोललेलं खरं आहे असंच तो धरून चालला होता. एकदा ब्रेकवर ढकलल्यावर चांगल्या ब्रेकची गाडी घेणं ओघानेच आलं. उस्तादला आता नाही म्हणायला जागा नव्हती. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

बायको म्हणाली, मी बरोबर येते. इंजिन ऐकायला नको का?

जुन्या गाड्यांचा दलाल त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. पहिली पिकअप चकाकत होती. चार दारं, गुबगुबीत बैठक. उस्तादने आतल्या बैठकीकडे पाहिलंच नाही, तो मागे जाऊन वाकला. ओढायचा हुक नुसत्या बंपरला वेल्ड केलेला. हुक चॅसीला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने धरलेला हवा. नाहीतर पहिल्या चढावर गाडी एकीकडे आणि माल दुसरीकडे. दुसऱ्या गाडीची चॅसी एका जागी नव्याने रंगवलेली होती. त्याने नखाने रंग खरवडला, खाली जोड निघाला. दलाल म्हणाला, उस्ताद, तुम्ही गाडी घ्यायला आलात की फोडायला?

तिसरी गाडी कोपऱ्यात उभी होती. दोनच दारं, डाव्या दारावर पोचा, रंग उन्हाने उडालेला. आधीच्या मालकाने तिच्यामागे जनरेटर ओढला होता. हुक चॅसीला, बोल्ट मूळचे. मागच्या स्प्रिंगचे पाटे जाड आणि एकसारखे वाकलेले. तो खाली शिरला आणि ब्रेकचे पाइप चाकापर्यंत बोटांनी चाचपत गेला. कुठे ओल नाही. ओढणं हे अर्धंच काम. उतारावर मागचं वजन ढकलायला लागतं तेव्हा ते धरणं हे खरं काम, आणि त्यासाठी गाडी स्वतः मालापेक्षा जड हवी, खालच्या गिअरमध्ये इंजिनाने पाय रोवायला हवेत. ही गाडी तशी होती. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. दलालाने आधी चालू करून ठेवली नव्हती. गरम इंजिन खोटं बोलतं.

दलालाने किल्ली फिरवली. धूर आला, पांढरट, मग विरळ होत गेला. उस्तादला काहीच ऐकू आलं नाही. दूर कुठेतरी पाणी उकळावं तशी एक घरघर, बस.

डिझेलला खडखड असतेच. त्या खडखडीच्या आत खालून येणारा जड ठोका असेल तर बेअरिंग गेलेलं असतं, मग गाडी कितीही देखणी असो, घेऊ नये. हा ठोका त्याला पूर्वी रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचा. आता त्याने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. ही युक्ती त्याने वर्षभरात एकट्याने शोधली होती. कानांना कळत नाही ते दातांना थोडं कळतं. इंजिनची थरथर जबड्यातून कवटीत चढली. त्याने टोक वेगवेगळ्या जागी टेकवलं, वर, खाली, मागे. सगळीकडे एकसारखी, दाट, न अडखळणारी थरथर. निरोगी माणसाच्या चालीसारखी.

त्याला बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली.

त्याने स्क्रूड्रायव्हर पुसला आणि रिवाजाप्रमाणे बायकोला पुढे बोलावलं. ती बॉनेटजवळ उभी राहिली. नेहमी ती ऐकताना डोळे मिटायची. आज मिटले नाहीत. ती गाडीच्या मागे, त्या हुकाकडे पाहत होती. बराच वेळ. मग त्याच्या डाव्या कानाशी आली, ज्यात थोडं उरलं होतं, आणि म्हणाली, “ठोका पडतोय.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

“खालून?” त्याने विचारलं.

“खालून. जड आहे.” तिने मूठ वळून हवेत आपटून दाखवली.

इतक्या वर्षांत ती इंजिनबद्दल खोटं बोलली नव्हती. मिठाबद्दल, पाहुण्यांबद्दल, स्वतःच्या तापाबद्दल बोलली असेल. इंजिनबद्दल कधीच नाही. उस्तादच्या दातांत अजून ती थरथर होती. तिच्या भावाने एक खोटं बोलून त्याला बाहेर काढलं होतं. त्या खोट्याने त्याला पुन्हा ड्रायव्हरच्या जागेपर्यंत आणून सोडलं होतं. आता बहिणीने दुसरं खोटं बोलून दार लावलं. खरं बोलायचं काम कोणाचं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तो दलालाला म्हणाला, “नको. ठोका आहे.”

दलाल उखडला. कुठे आहे ठोका, दाखवा, मी मेकॅनिक बोलावतो, तुम्हाला ऐकू तरी येतं का? उस्तादने त्याच्या ओठांवरून शेवटचा प्रश्न ओळखला.

“मला नाही येत,” तो म्हणाला. “आमच्यात ऐकायचं काम हिचं.”

मला ऐकू येत नाही, हे तो परक्या माणसासमोर पहिल्यांदाच बोलला.

घरी मेहुणा वाटच पाहत होता. उस्तादने सांगितलं, पहिलीचा हुक बेकार, दुसरीची चॅसी जोडलेली, तिसरीच्या इंजिनात ठोका. मेहुण्याने ताईकडे पाहिलं. ताई चहा ठेवायला आत गेली होती, पाठमोरी. तो नेहमीसारखं काहीतरी चरचरीत बोलेल असं वाटलं. त्याने वॉकरवरचा हात काढला, पुन्हा ठेवला.

“मग नकोच,” तो म्हणाला. “ठोक्याची गाडी घेऊ नये, दाजी.”

त्यानंतर गाडीचा विषय कोणी काढला नाही. कॉम्प्रेसर विकायचा असं कोणी ठरवलंही नाही. विचारणा आली, आणि उस्ताद हो म्हणाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकरचंच काम करणारा एक उंच माणूस होता, त्याला सगळे लंबू म्हणत. तो घ्यायला आला. उस्तादने सकाळीच ताडपत्री काढून, टायरमध्ये हवा भरून, ओढदांड्याला ग्रीस लावून ठेवलं होतं. विकायची वस्तूही अंघोळ घालून द्यावी, असं त्याचं मत.

लंबूची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा बायको दारात होती. ती तिथेच थबकली. दोन दारं, डाव्या दारावर पोचा.

लंबू खूश होता. गाडी चालू ठेवूनच उतरला आणि हातवारे करत बोलत सुटला. घड्याळासारखं इंजिन आहे म्हणाला. दलाल सांगत होता, कोणीतरी ठोका आहे म्हणून सोडून गेला. कान फुटले असतील त्याचे.

खिडकीत मेहुण्याने मान खाली घातली. उस्तादला त्यातलं काही कळलं नव्हतं. त्याने बायकोला विचारलं, काय म्हणतो?

“गाडी चांगली आहे म्हणतात,” ती म्हणाली.

उस्ताद चालू गाडीजवळ गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. मग मागे वळून तिला म्हणाला, “ठोका गेलेला दिसतो.”

“काढून घेतला असेल,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिने सरळ ठेवला. तो आवाज त्याला ऐकू आला नाही. ओठ दिसले.

कॉम्प्रेसर हुकाला लागला. पिन घालण्याचं काम उस्तादने कोणाला करू दिलं नाही. पिन बसवली, साखळी अडकवली, हिसडा देऊन पाहिली. लंबू गाडीत चढू लागला तसा त्याने त्याचा दंड धरला.

“मागे घेताना माणूस आरशातून गेला तर थांबायचं,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोलत होता, अंगणभर, खिडकीच्या आतपर्यंत. “आणि काही ऐकू आलं नाही तर ये म्हणतोय असं समजायचं नाही. थांबायचं. उतरायचं. मागे जाऊन बघायचं. मी बघितलं नाही.”

लंबूला इतकं गंभीर होण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. त्याने मान डोलावली. खिडकीत मेहुणा वॉकरला धरून उभा राहिला होता. हल्ली तो कोणाच्या आधाराशिवाय उठत नसे. त्याने खिडकीच्या गजावर बोटांनी एकच टोला मारला. उस्तादची पाठ होती.

गाडी निघाली. कॉम्प्रेसर तिच्यामागून खड्ड्यात एकदा डुलला आणि सरळ झाला. कोपऱ्यावर दोन्ही दिसेनाशी झाली. उस्तादच्या लेखी ते तिथेच संपलं. त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिची मान किंचित कलली होती. गाडी अजून जात होती तर. तो तसाच तिच्याकडे पाहत उभा राहिला, तिची मान सरळ होईपर्यंत.