जहाजाच्या पोटाची प्लेट

प्लेट दुभंगली तेव्हा तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. अर्धी प्लेट ओंडक्यांवरून घसरली आणि नानांच्या छातीवर, माझ्या मुलाच्या डाव्या पायावर पडली. नाना ओरडले नाहीत. मुलगा ओरडत होता. एक तुकडा उडून माझ्या कानामागचं कातडं घेऊन गेला, ते मला नंतर कळलं.

"माय, मी मरस का?"

"नही मरस. गप पडी ऱ्हाय."

पदर फाडून मी त्याची मांडी आवळली. गुडघ्याखाली आवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही मूळचे पिंपळनेरकडचे. धुळ्याबाहेर हायवेला लागून भंगाराचं गोदाम आहे. तिथं मी तांबं-पितळ निवडायचे, मुलगा गॅसनं लोखंड कापायचा. नाना तिथले सगळ्यांत जुने कापणारे. लोखंड कापायला मुलाला त्यांनीच शिकवलं.

गुजरातेतून मोडक्या जहाजांचा माल नेहमी यायचा. ही प्लेट वेगळी होती. वीतभर जाड, आणि मधे परातीएवढा खळगा. ट्रक आणणारा ड्रायव्हर म्हणाला, तो तोफगोळ्याचा मार आहे. शंभर वर्षांपूर्वीचं लढाऊ जहाज. बुडालं होतं, ते वर काढून तोडलं. लाकडी जहाजं जाऊन पोलादी आली, त्या काळातलं. सगळ्या अंगाला चिलखत घातलं तर जहाज रेंगाळतं, म्हणून या जातीला नुसता पोटाभोवती जाड पट्टा घालायचे आणि इंजिनं दांडगी बसवायचे. दूर समुद्रात व्यापाऱ्यांची जहाजं धरायची, लहान जहाजं फोडायची, मोठं दिसलं की पळायचं.

"म्हणजे आपला मुकादम," मुलगा म्हणाला. "गरिबावर भुकस, शेठले देखी पळस."

सगळे हसले. मग त्यानं विचारलं, "अन् बुडालं कसं?"

"मोठ्यांच्या रांगेत उभं केलं ना, भाऊ. साहेब लोकांना वाटलं, चिलखत आहे, टिकेल. गोळा दारूगोळ्याच्या कोठारात घुसला. खालची माणसं फुटलेल्या बॉयलरच्या वाफेत शिजली. पुढं मोठी असून पळणारी जहाजं निघाली, अन् ही जात बंद पडली." जाताना ड्रायव्हर बजावून गेला, "हिचं वरचं तोंड काचेसारखं कडक आहे, मागचं अंग मऊ. जपून कापा."

"मना जनम गया लोखंड कापामा," नाना म्हणाले. "माले शिकाडस का रे?"

जहाजाचा माल कापायच्या आधी त्यावरच नारळ फोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. जहाजावर माणसं मेलेली असतात, त्यांचं काही तरी केलं पाहिजे, असं नाना म्हणत. त्या दिवशी दुकान बंद होतं आणि शेठला घाई होती, म्हणून नारळाशिवाय काम सुरू झालं. नारळ आला तोवर मुलानं प्लेट निम्मी कापली होती. काप लाल होता. अर्धा भाग खाली येऊ नये म्हणून साखळी बांधायची असते, ती अजून जमिनीवरच होती.

"थांब," नाना मुलाला म्हणाले. त्यांनी कापाशेजारी नारळ आपटला. पाणी लाल लोखंडावर चरचरलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही.

"आते ऱ्हाऊ द्या ना, नाना," मुलगा म्हणाला.

"तठे माणसं शिजनी. त्यासले पानी लागी."

त्यांनी पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि सगळी कापात ओतली. साध्या पत्र्यावर ओतली असती तर नुसती वाफ झाली असती. हिचं कडक तोंड तापल्या काचेसारखं तडकलं.

क्रेननं प्लेट उचलली तेव्हा नानांची छाती भाकरीसारखी चपटी झालेली होती. मुलाला टेम्पोत घातलं. सरकारी दवाखान्यापर्यंत मी त्याची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. डॉक्टरांनी सोड म्हटल्यावरही बोटं उघडेनात, नर्सनं एकेक करून ती सोडवली.

नाना जागीच गेले. मुलगा वाचला, त्याला डावा पाय नाही. मी वाचले.