लाईन रिस्टोर झाली

माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पिठाची चक्की होती. मला दिसत नाही. तिशीच्या आतच काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. त्यामुळे चक्की म्हणजे माझ्यासाठी डिझेल इंजिनाची धडधड, आणि त्या धडधडीवर ओरडून बोलणारी चक्कीवाली बाई. इंजिन बंद झालं तरी तिचा आवाज लगेच खाली येत नसे. तेवढ्यात तिच्या घरात काय शिजलं ते आमच्या अर्ध्या मुकुटबन गावाला कळून जायचं.

मला सांगायचं आहे ते माझ्या वहिनीबद्दल. पण चक्की सोडून ते सांगता येत नाही.

दुकान म्हणजे आधी टेलिफोनचा बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. त्या काळात लाईन सारखी मरायची. कधी वाऱ्यानं, कधी कापसानं उंच भरलेल्या बैलबंडीच्या टोकाला तार अडकली म्हणून. मग लाईनमन यायचा, खांबावर चढायचा, उतरून रिसीव्हर माझ्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "घ्या बूथवाले, लाईन रिस्टोर झाली." तोच नंबर, तोच टोन. गेलेलं जसंच्या तसं परत. माझं इंग्रजी असं खांबावरून उतरलेलं आहे. रिस्टोर म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि घात झाला तो त्यामुळेच.

मोबाईल आले, बूथ बसला. मी नागपूरला जाऊन आंधळ्यांसाठीचं कंप्युटर शिकून आलो. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. तो इंग्रजीत बोलतो, नाकातून, सर्दी झालेल्या साहेबासारखा. नवखा माणूस त्याला हळू बोलायला लावतो. मी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की दुकानात आलेल्यांना नुसती किरकिर ऐकू यायची. वाक्याचा अंदाज आला की मी कंट्रोलची कळ दाबून त्याचं तोंड बंद करायचो. लोक म्हणायचे, "बावा, याले तर अर्ध्यातच समजते." मला ते आवडायचं.

धंदा होता मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. कापूस वेचून आलेल्या बाया ओच्यातून मोबाईल काढायच्या आणि मी त्यात लग्नाची, भीमजयंतीची, सिनेमाची गाणी भरायचो. त्या वर्षांत गावात कुणाच्याच घरी धड काही नव्हतं. कापसाची पऱ्हाटी उभी असायची आणि बोंडात किडकं निघायचं. चांगला निघालाच तर खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची आणि माणसं बंडीखालीच झोपायची. पण गाणी मात्र सगळ्यांना हवी होती.

माझा थोरला भाऊ जिनिंगमध्ये कामाला होता. सरकी आणि रुई वेगळी होते तिथं हवेत बारीक धूळ तरंगत असते. ती त्यानं वीसेक वर्षं गिळली. आणि तोच आमच्या विहारातला मुख्य गायक. जयंतीच्या आधी महिनाभर आमच्या अंगणात पेटी आणि ढोलकी यायची. शेवटच्या दोन वर्षांत तो एक ओळ म्हणायचा आणि पुढची ओळ दम लागल्यामुळे दुसरे उचलायचे. त्याला ते कळायचं. तो हसून म्हणायचा, "मी इंजिन हाये, डब्बे तुमी ओढा."

पुण्याच्या भाच्यानं त्याला आपलं वापरलेलं गाणी ऐकायचं यंत्र दिलं होतं. तळहातात मावणारं, गुळगुळीत, त्यात आवाजही भरता यायचा. गळा पार बसायच्या आधी दादानं त्यात आपली गाणी भरून ठेवली. गाणी कमी, बोलणंच जास्त. मध्येच खोकला, मध्येच पेटीवाल्याला शिवी, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी वहिनीला हाक: "ऐकून राह्यली का वं? का झोपली?"

तो मला म्हणाला होता, "लेका, गावभर कार्ड भरतं, हे बी घे तुह्या कंप्युटरात उतरून." मी म्हणालो, उद्या घेतो. तो गेला तोवर माझा उद्या उजाडला नव्हता.

तो गेल्यावर वहिनी संध्याकाळी भाकरी थापताना कानात वायर घालून बसायची. मी शेजारच्या खोलीत राहतो, जेवण तिच्याकडेच. भाकरीची थाप मध्येच थांबली की मला कळायचं, दादानं तिला हाक मारली. कधीकधी ती उत्तर द्यायची. "नाई झोपली," म्हणायची, आणि पुन्हा थापायला लागायची.

तेव्हा दिवसाचे किती तास लाईट नसायची. चक्कीवर मात्र इंजिन चाललं की एक बल्ब आणि एक प्लग चालायचा. वहिनी दळण टाकायची तेव्हा यंत्र तिथं चार्जिंगला लावायची. चक्कीवालीची आणि तिची गट्टी होती. जात वेगळी, देव वेगळे, पण दोघी नवरा गेलेल्या. चक्कीवाली ओरडायची, "आन वं तुह्या बुवाले, पाजतो त्याले करंट. तुह्या दयनापेक्षा तोच जास्त खाते." वहिनी हसायची. ती हसण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

एके दिवशी ते यंत्र अडकलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, चित्र तसंच थांबून राह्यलं, बटन दाबलं तरी हलत नाई." मी म्हणालो, आणा इकडं, दुपारपर्यंत करून देतो.

पुण्याला भाच्याला फोन करता आला असता. वणीला मोबाईल दुरुस्त करणारे होते. मी कुणाला विचारलं नाही. वायर जोडली, त्या कंपनीचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि टॅब दाबत एकेक बटन ऐकत गेलो. स्क्रीन रीडर म्हणाला, "रिस्टोर, बटन."

मला खांबावरून उतरणारा लाईनमन आठवला. मी एंटर दाबलं. स्क्रीन रीडरनं काही विचारायला सुरुवात केली, "आर यू शुअर," आणि मग "ऑल ऑफ युअर साँग्ज," एवढं ऐकलं. ऑल म्हणजे सगळी. सगळी गाणी. येणार परत. मी कंट्रोल दाबून त्याला गप्प केलं आणि पुन्हा एंटर दाबलं.

पुढचं वाक्य काय होतं ते मी त्या दुपारनंतर ऐकलं, दुसऱ्या एका रिकाम्या यंत्रावर, मुद्दाम वेग कमी करून. ते पुसून टाकू का म्हणून विचारत होतं.

रिस्टोर झालं. यंत्र एकदम झकास चालू झालं. मी कंप्युटरमधून आत शिरून पाहिलं, बाणाची कळ खाली-वर केली. "झिरो आयटम्स," असं तो म्हणाला. मी कळ पुन्हा दाबली. तो पुन्हा तेच म्हणाला. बाहेर इंजिन चालू होतं, कुणाचं तरी दळण पडत होतं.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ केलं असतं. एका शब्दाची चूक. वहिनीनंही केलं असतं, असं मला अजून वाटतं.

ती आली. पायरीवर डबा ठेवल्याचा आवाज आला. "झालं का भाऊजी?"

मी म्हणालो, "चक्कीचा करंट, वहिनी. कमी-जास्त होते न तिथं. आतलं सगळं जळून गेलं."

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. समोर इंजिन धडधडत होतं, म्हणून चक्की तोंडात आली. कुणाचं बोरिंग चालू असतं तर बोरिंग आलं असतं. मग तिनं यंत्र मागितलं. ते तर सुरू होत होतं. मी ते बंद केलं आणि तिच्या हातात देताना म्हणालो, "हे आता चार्जिंगले लावू नोका. फुटते असं."

ती रस्ता ओलांडून गेली. इंजिन थांबलं. मग मला सगळं ऐकू आलं.

"तुह्या चक्कीनं माह्या मानसाचा आवाज खाल्ला."

"काय बोलून राह्यली वं? कोनता आवाज?"

"आतलं जयून गेलं. भाऊजीनं सांगतलं."

"माय वं, म्या कायले जाळीन? अन् करंटनं जयलं तं माह्या बल्ब काहून नाई गेला? थो पाय, आताच तं लागून व्हता."

बल्ब. अख्ख्या गावात तेवढी एकच बाई बरोबर बोलत होती. दळणाला आलेल्या बायांपैकी एक कुणीतरी म्हणाली, "त्याले कंप्युटरचं समजते, थो काय खोटं बोलीन?" वहिनीनं आपला दळणाचा डबा अर्धा दळलेला तसाच उचलला.

दुसऱ्या दिवशी चक्कीवाली माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. "बूथवाले भाऊ, माह्या गळ्याची आन घेऊन सांगा. खरंच चक्कीनं झालं का?"

मी स्क्रीन रीडर चालू ठेवला होता, त्याची किरकिर चालली होती. मी म्हणालो, "हो बाई. असं होते कधी कधी. तुमचा दोष नाई त्यात."

"दोष नाई कसा," ती म्हणाली. "माह्याच प्लग व्हता न." पिठाचा वास थोडा वेळ दारात राहिला, मग गेला.

त्यानंतर वहिनी त्या चक्कीवर गेली नाही. दिवसभर कुणाच्या तरी वावरात कापूस वेचायची आणि परत येऊन, डोक्यावर डबा घेऊन, शेजारच्या गावच्या चक्कीवर जायची. जाताना माझ्या दुकानावरून, म्हणजे या चक्कीसमोरूनच, जावं लागे. तिच्या चपला त्या जागी जरा भराभर वाजायच्या. सुरुवातीला चक्कीवाली हाक मारायची, "बाई, इकडं टाक वं, अंधाराची कायले जातं?" मग तिनं हाक मारणं सोडलं. मग गुडघे गेले म्हणून वहिनी ऑटोनं जायला लागली, पण गेली तिकडंच. यंत्र तिनं घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली, रुमालात बांधून ठेवलं. चार्जिंगला कधी लावलं नाही. मी सांगितलं होतं ना, फुटतं म्हणून.

मी रोज तिच्या हातचं जेवलो. किती वेळा तोंडाशी आलं. पण भाकरी आधी यायची.

गेल्या हिवाळ्यात चक्कीवाली वारली. मातीला सगळं गाव गेलं. वहिनी अंगणात तूर पाखडत बसली. मी विचारलं, "जायचं नाई का?" सूप थांबलं. "जाव वाटून राह्यलं," ती म्हणाली, "पन कोन्या तोंडानं जाऊ? इतले वर्स बोलली नाई मी तिच्यासंग." मग सूप पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

तेव्हा मी सांगितलं. रिस्टोर काय असतं ते, लाईनमन, कंट्रोलची कळ. मला वाटलं होतं ती हे सगळं समजून घ्यायला वेळ घेईल. तिनं फक्त एक विचारलं.

"म्हंजे चक्कीनं नाई जयलं?"

"नाही."

ती उठून आत गेली. आली तेव्हा माझ्या हातावर रुमालाची गाठ ठेवली. "लावा चार्जिंगले."

"वहिनी, आता इतक्या वर्षांनी..."

"लावा म्हनलं न."

मी लावलं. ती माझ्याशेजारी ओट्यावर बसून राहिली. गावातले लोक मातीवरून परत येत होते, त्यांच्या पावलांचा आवाज विहिरीपाशी थांबत होता, हातपाय धुण्याचं पाणी पडत होतं. मला वाटत होतं बॅटरी केव्हाच मेली असणार. ते लागू नये असंच वाटत होतं.

"दिवा लागला," वहिनी म्हणाली.

तिनं वायर कानात घातली. बटन दाबल्याचा बारीकसा कटकट आवाज मला आला. तो बराच वेळ येत राहिला, एकाच लयीत. मग तिनं वायर काढली.

"चांगलं हाये हे. पहिलेपासून चांगलंच होतं."

"हो."

"मंग तिले काहून नाई सांगतलं? मले नोका सांगू. माह्या तं मानूसच गेल्ता, आवाज गेला तं गेला. तिले काहून नाई सांगतलं? थे आली होती न तुमच्याकडं, इचारायले."

हे तिला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. हे लिहितो आहे तर स्क्रीन रीडर प्रत्येक शब्द मला वाचून दाखवतो आहे. मी आता कंट्रोल दाबत नाही. त्यानं काय सुधारलं म्हणाल, तर काही नाही.

ती दुसऱ्या दिवशी चक्कीवालीच्या घरी गेली होती. सून दारात उभी होती, बस म्हणाली नाही. हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

डोळे गेले तेव्हापासून वहिनी मला ताट वाढताना सांगायची. "भाजी उजव्या हाताले, चटनी आंगठ्यापाशी, पान्याचा गिलास दूर हाये, सांडसान." दादा चिडवायचा, "त्याले नकाशा काढून दे." ती सांगतच राहायची. मला तोंडपाठ झालं होतं तरी सांगायची.

जेवण अजून तिच्याकडेच आहे. वेळ चुकत नाही. ताट टेकल्याचा आवाज येतो, पेला ठेवल्याचा येतो, मग तिची पावलं परत जातात. कुठं काय आहे ते मी बोटांनी शोधतो. काल पेला सांडला. ती आतून आली, पुसून गेली.